दुकान मोडलें तरी वस्तु आपली

गेल्या उन्हाळ्यांतील गोष्ट. वर्धा येथील एका बँकेंत खात्यासंबंधींच्या किरकोळ कामासाठीं मी गेलों होतों. काउंटरपलीकडील तरुण गृहस्थांनीं, हें काम आतां येथें होत नसून फोनवरील बँकेच्या अ‍ॅपमध्येंच करावें लागतें, असें सांगितलें आणि माझा फोन मागितला. मीं तो खिशांतून काढून पुढें ठेवला. त्यांनीं तो हातांत घेऊन उलटसुलट पाहिला, शेजारच्या सहकाऱ्याला दाखविला, आणि हंसत, परंतु कांहींशा कणवेनें, ते मला म्हणाले, "काकाजी, हा फोन तर केव्हांच मेला!" नेमक्या त्याच क्षणीं तो फोन वाजूं लागला. येतांना गोरसपाक आणणार काय, अशी घरून विचारणा होती. मीं "आणतों" म्हणून सांगितलें, फोन खिशांत ठेविला, आणि बँकेंतलें काम न होतांच पिपरी मेघेची वाट धरली.

वाटेंत एकच प्रश्न मनांत घोळत होता. जें यंत्र माझा शब्द घरीं पोंचवितें आणि घरचा शब्द मला ऐकवितें, त्याला मृत कोणत्या अर्थानें म्हणावयाचें? आणि तें मृत आहे हा निकाल दिला कोणीं? ज्यानें तें विकलें त्यानें. वापरणाऱ्याला कोणी विचारलेंच नाहीं. विक्रेत्याच्या व्यापाराचा अंत आणि वस्तूच्या उपयोगाचा अंत ह्या दोन निरनिराळ्या घटना आहेत. त्यांची गल्लत करून आपण घरांतील धडधाकट वस्तु फेंकून देत आहों. आणि त्याहून वाईट गोष्ट ही कीं, ज्यांना फेंकणें परवडत नाहीं त्यांच्या तोंडावर आपल्या सार्वजनिक संस्था आपलीं दारें लावून घेत आहेत. हेंच माझें म्हणणें आहे, आणि तें येथें सविस्तर मांडण्याची परवानगी मी वाचकांकडे मागतों.

प्रथम ह्या तथाकथित मृताची ओळख करून देतों. माझा फोन लुमिया ह्या मालिकेंतील असून त्यांत मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज फोन' ही प्रणाली आहे. ही प्रणाली २०१० च्या अखेरीस बाजारांत आली. २०११ च्या फेब्रुवारींत नोकिया कंपनीनें आपली जुनी सिंबियन प्रणाली बाजूस सारून हिचा अंगीकार करण्याचें जाहीर केलें. म्हणजे जिला आज मृत म्हणतात ती स्वतःच एका दुसरीला उठवून गादीवर बसली होती. २०१२ सालीं हिची नवी आवृत्ति निघाली, तेव्हां आदल्याच वर्षीं विकलेल्या फोनांना ती मिळणार नाहीं, असें कंपनीनें निर्विकारपणें सांगून टाकलें. २०१४ च्या एप्रिलमध्यें मायक्रोसॉफ्टनें नोकियाचा फोनांचा धंदाच विकत घेतला. पुढच्या वर्षीं त्या व्यवहारापोटीं ७६० कोटि डॉलर बुडीत खातीं टाकले. आणि २०२० च्या जानेवारींत शेवटची डागडुजी पाठवून ह्या प्रणालीचा कायमचा निरोप घेतला. तत्पूर्वींच, ग्राहकांनीं आतां अँड्रॉइड किंवा अ‍ॅपल ह्यांच्या फोनांकडे वळावें, असा सल्लाहि तिनें देऊन ठेविला होता. ह्या साऱ्या इतिहासांत फोनवरून बोलणें ऐकूं येईनासें झालें, किंवा त्याचा गजर वाजेनासा झाला, असें कोठेंहि आढळत नाहीं. घेणारे थोडे म्हणून अ‍ॅप बनविणारे आले नाहींत, आणि अ‍ॅप थोडे म्हणून घेणारे आले नाहींत. व्यापाराचा हिशेब जुळला नाहीं, एवढेंच काय तें घडलें.

आतां माझ्या गरजा पाहूं. आप्तेष्टांशीं बोलणें, लहानसहान निरोप पाठविणें आणि वाचणें, गॅसची टाकी घेऊन येणाऱ्याला सांगावयाचा सांकेतिक अंक पाहणें, पहांटे पांचाचा गजर, सावंगी मेघेच्या रुग्णालयांत पुन्हां केव्हां जावयाचें त्या तारखेची टिपण, नातवंडांचीं छायाचित्रें, आणि बाजारहाटापुरती बेरीज-वजाबाकी. ह्यांपैकीं प्रत्येक काम हा फोन घेतल्या दिवशीं करीत होता तसेंच आजहि करतो. मध्यंतरीं त्याची बॅटरी दोनदां क्षीण झाली. पाठीमागचें झांकण नखानें उघडून ती बदलतां येते, आणि दुरुस्ती करणाऱ्या मुलानें ती दहा मिनिटांत बदलूनहि दिली. नव्या फोनांत शंभर सोयी अधिक आहेत हें मला मान्य आहे. परंतु माझ्या गरजा कांहीं शंभरांनीं वाढलेल्या नाहींत. ज्यांच्या वाढल्या असतील त्यांनीं अवश्य नवा फोन घ्यावा. त्यांच्याशीं माझें भांडण नाहीं. माझें भांडण, माझ्या गरजांची मोजदाद माझ्यावतीनें दुसऱ्यानें करावी, ह्या रीतीशीं आहे.

'बंद' हा आपल्या भाषेंतला शब्द मोठा फसवा आहे. घड्याळ बंद पडतें तेव्हां तें वेळ दाखवीत नाहीं. पण तांबटाचें दुकान बंद झालें म्हणून त्याच्याकडून नेलेल्या पातेल्यांत भात शिजावयाचा थांबत नाहीं. एकच शब्द आपण दोन्ही ठिकाणीं योजतों आणि त्यांतील अंतर विसरतों. 'अमुक फोन बंद झाला' हें वाक्य कानीं पडतांच पातेल्याचा दृष्टांत आपल्या मनांत उभा राहत नाहीं, घड्याळाचा राहतो. आणि मग चालत्या घड्याळाकडे पाहूनहि आपण तें बंदच आहे असें समजूं लागतों.

येथें माझे प्रगतिप्रिय मित्र म्हणतील कीं, जग पुढें चाललें आहे आणि तुम्ही रस्त्यांत बसून राहिलां आहां. त्यांना मी आपल्या विदर्भांतलाच एक दाखला देतों. यवतमाळ ते मूर्तिजापूर ह्या अरुंद रुळांवरून धांवणारी, लोकांनीं शकुंतला म्हणून लाडानें ओळखलेली आगगाडी १९२१ सालीं मँचेस्टर येथें बांधलेल्या वाफेच्या इंजिनानें १९२३ पासून १९९४ पर्यंत ओढली. ह्या सत्तर वर्षांत विमानें आकाशांत स्थिरावलीं, माणूस चंद्रावर उतरला, आणि विजेच्या गाड्या मुंबईपासून नागपुरापर्यंत धांवूं लागल्या. तरी त्या इंजिनाच्या प्रवाशांचें म्हणणें इतकेंच होतें कीं, आम्हांला यवतमाळला जावयाचें आहे. आणि तें इंजिन त्यांना यवतमाळला नेत होतें. १९९४ सालीं त्याच्या जागीं डिझेलचें आलें तेव्हां कोणीं सत्याग्रह केला नाहीं, आणि करण्याचें कारणहि नव्हतें. सत्तर वर्षांनीं बदललेलें साधन आपली सेवा पुरी करून गेलेलें असतें. प्रश्न त्या साधनांचा आहे कीं, जीं दोन-चार वर्षांतच, अंगांत धमक असतांना, केवळ मालकाचें मन उडालें म्हणून निकालांत काढलीं जातात. जग पुढें जातें तें माणसांना इष्ट स्थळीं पोंचविण्यासाठीं. जो पोंचलेलाच आहे त्याला गाडींतून उतरवून पुन्हां तिकीट काढावयास लावणें ह्याला मी प्रगति म्हणावयास तयार नाहीं.

वर्ध्याकडच्या माणसानें असें कांहीं लिहिलें कीं दुसरा आक्षेप ठरलेलाच असतो: "तुम्ही पडलां सेवाग्रामचे शेजारी, यंत्राचा तिटकारा तुमच्या पाण्यांतच असणार!" हा आक्षेप अज्ञानमूलक आहे. सेवाग्रामच्या आश्रमांत आजहि टेलिफोनची एक चिमुकली खोली पाहुण्यांना दाखवितात. व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांना गांधीजींशीं बोलतां यावें म्हणून तो टेलिफोन तेथें आला होता. १९२४ सालीं गांधीजींनीं शिवणयंत्राचा उल्लेख उपयुक्त यंत्राचा नमुना म्हणून आदरानें केला होता. आणि ज्यांना ते यंत्राचे वैरी वाटतात त्यांनीं चरखा संघाची १९२९ सालची जाहिरात वाचावी. सुधारलेल्या चरख्यासाठीं संघानें एक लाख रुपयांचें बक्षीस लावलें होतें. त्या काळचे एक लाख! त्या जाहिरातींतील अटी आमच्या आजच्या प्रश्नाला इतक्या लागू आहेत कीं त्यांचा सारांश देण्याचा मोह आवरत नाहीं. चरखा खेड्यांतील सामान्य झोंपडींत चालवितां यावा. बाईमाणसाला आठ तास विशेष श्रमावांचून त्यावर काम करतां यावें. त्याची किंमत दीडशें रुपयांहून अधिक नसावी. वेळच्या वेळीं निगा राखल्यास तो किमान वीस वर्षें न अडखळतां चालावा. आणि ह्या निगेचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा पांचांहून अधिक होऊं नये.

ह्या अटी लिहिणारा मनुष्य यंत्राचा द्वेष्टा नव्हता. तो यंत्र विकत घेणारा चोखंदळ गिऱ्हाईक होता. यंत्र किती वेगानें सूत काढतें हें त्यानें विचारलें, आणि तेवढ्याच आग्रहानें तें किती वर्षें टिकेल, दुरुस्तीला काय पडेल, आणि ज्या घरांत तें जाणार त्या घराला तें झेपेल काय, हेंहि विचारलें. आजच्या फोनच्या जाहिरातींत छायाचित्रणाची सूक्ष्मता आणि पडद्याची झळाळी ह्यांचे आंकडे ढिगानें असतात. पण विसाव्या वर्षाचा सोडा, पांचव्या वर्षाचा शब्द तरी ठळक अक्षरांत कोणी देतो काय? वर्ध्याच्या मगनवाडींत बसून ग्रामोद्योगांचा संसार चालविणाऱ्या जे. सी. कुमारप्पांनीं १९४५ सालीं जबलपूरच्या तुरुंगांत आपला ग्रंथ सिद्ध केला, तो अर्थरचनेच्या स्थायित्वावर. पैशांत मोजलेली वाढ आणि टिकाऊ कल्याण ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हें त्यांचें सांगणें आमच्या पंचक्रोशींतलें आहे. पण आम्हीं तें संग्रहालयांत ठेवून कुलूप लावलें आहे.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि त्याला बगल देणें अप्रामाणिकपणाचें होईल. प्रणालीची डागडुजी थांबली म्हणजे तींतील भोंकें बुजविणारा कोणी उरत नाहीं, आणि भोंकें शोधणारे चोर मात्र उरतात. हें सर्वस्वी खरें आहे. म्हणून ह्या फोनवर मी पैशाचा कोणताहि व्यवहार करीत नाहीं, गुप्तपदें त्यांत ठेवीत नाहीं, आणि इंटरनेटची जोडणी मीं मुळांतच काढून टाकली आहे. ज्या माणसाला सारा व्यवहार फोनवरच करावा लागतो, त्यानें माझें अनुकरण करूं नये, असें मी स्पष्ट सांगतों. त्याची गरज जुन्या फोननें भागतच नाहीं, आणि मग माझा सिद्धांत त्याला लागूहि पडत नाहीं. परंतु ह्या आक्षेपाचा ओघ लोक भलतीकडेच नेतात. वाड्याच्या मागल्या दाराचा अडसर सैल झाला तर त्या खोलींत सोनें ठेवूं नये, हा शहाणपणा झाला. त्यासाठीं सारा वाडा सोडून दुसऱ्याच्या चाळींत भाड्यानें राहावयास जा, हा सल्ला झाला चाळमालकाचा. शिवाय, भोंक बुजविण्याचें ज्ञान आणि साधन ज्याच्याजवळ आहे त्यानेंच हात आंखडावा, आणि मग त्याच भोंकाची भीति घालून नवा माल खपवावा, ह्या व्यवहारांतील नीति कोणी मला समजावून देईल तर मी ऋणी होईन.

येथें एक सूक्ष्म भेद ध्यानांत घेतला पाहिजे, नाहींतर वादाचा घोंटाळा होतो. कांहीं वस्तु निव्वळ साधनें असतात, कांहीं निव्वळ सेवा. शिरवळच्या कारखान्यांत गोदरेजनें २००९ सालीं टंकलेखनयंत्रें करण्याचें थांबविलें. पण जें यंत्र एकाद्या अर्जनविसाच्या टेबलावर होतें तें दुसऱ्या दिवशींहि टकटक करीतच राहिलें, कारण तें साधन होतें. उलट १४ जुलै २०१३ च्या रात्रीं आपल्या देशांतील तारसेवा संपली, तेव्हां कोणी कितीहि निष्ठावंत असला तरी त्याला दुसऱ्या दिवशीं तार करतां येणें शक्य नव्हतें, कारण ती सेवा होती. आजचा फोन अर्धा साधन आणि अर्धा सेवा आहे. आपण मोल देऊन घेतों तें साधन म्हणून, आणि विक्रेता त्याला हवें तेव्हां काढून घेतो तें सेवा म्हणून. कपाशीचें सरकीबी राखून पुढच्या सालीं तेंच पेरणारा आमच्याकडील जुना शेतकरी आणि संकरित बियाणाची पिशवी दर सालीं नव्यानें विकत घेणारा त्याचा नातू, ह्या दोघांत जें अंतर आहे तेंच येथें आहे. वस्तु घरांत आहे, पण तिची नाडी दुसऱ्याच्या हातीं आहे.

ही नाडी कशी आंवळली जाते तें पाहावें. ४ जानेवारी २०२२ रोजीं ब्लॅकबेरी कंपनीनें आपल्या जुन्या प्रणालींच्या सेवा थांबविल्या, आणि त्यापुढें त्या फोनांवरून साधें बोलणें वा निरोप पाठविणें हेंहि खात्रीनें होईल असें नाहीं, असें जाहीर केलें. तो फोन तरी प्रायः साहेबलोकांचा होता. २०१७ च्या जुलैमध्यें पंधराशें रुपयांच्या अनामतीवर मिळणारा जिओफोन जाहीर झाला, तो मात्र ज्यांना मोठा फोन घेणें कधींच जमलें नसतें अशांच्या हातीं गेला. त्याची प्रणाली काइओएस नांवाची. २०१८ सालीं तीवर व्हॉट्सअ‍ॅप आलें, आणि कळांवर अंगठा दाबून लेकीबाळींचीं छायाचित्रें पाहण्याचें सुख पुष्कळ घरांत प्रथमच आलें. २०२४ च्या जूनमध्यें व्हॉट्सअ‍ॅपनें ह्या प्रणालीवर नव्यानें उतरवून घेण्याची सोय काढून घेतली, आणि २०२५ च्या प्रारंभीं असलेल्यांसाठींहि तें बंद झालें. फोन मोडला नव्हता. कळा झिजल्या नव्हत्या. ज्या कारणासाठीं तो फोन घेतला तें कारणच दुसऱ्यानें उचलून नेलें. विंडोज फोनवालों आम्ही ह्या अनुभवांतून २०१९ च्या अखेरीस गेलों होतों. पण आमच्यापैकीं बहुतेकांना दुसरा फोन घेण्याची ऐपत होती. ज्यांना ती नाहीं त्यांच्याविषयीं लिहितांना माझी लेखणी थोडी कडक झाली तर वाचकांनीं क्षमा करावी.

'मग कंपन्यांनीं तोटा सोसून जन्मभर सेवा करावी काय?' असा प्रश्न व्यवहारी गृहस्थ विचारतील. तसें माझें म्हणणें नाहीं. दुकान मोडण्याचा हक्क दुकानदाराला आहे; पण जातांना विहिरींत माती लोटण्याचा नाहीं. ह्याच काइओएसचा जन्म पाहा. मोझिला ह्या संस्थेनें फोनांसाठीं फायरफॉक्स नांवाची एक प्रणाली केली होती, आणि २०१५ च्या अखेरीस तिनें तो नाद सोडला. परंतु त्या प्रणालीची घडण सर्वांना खुली असल्यामुळें दुसऱ्यांना ती उचलतां आली, आणि तिच्यांतूनच काइओएस निघाली. म्हणजे ज्या फोननें गरिबांच्या घरीं छायाचित्रें नेलीं तो एका टाकून दिलेल्या प्रणालीच्याच खोडावर फुटलेला धुमारा होता. मालकानें टाकलें म्हणजे मेलें, ह्या समजुतीला ह्याहून चोख उत्तर मला माहीत नाहीं. जातांना किल्ल्या उंबऱ्यावर ठेवून जावें, एवढीच माझी मालकांकडे मागणी आहे.

आणि वापरणाऱ्याकडेहि एक मागणी आहे, कारण दोष सारा एकाच बाजूचा नसतो. मराठी छपाईच्या धंद्यांतलें उदाहरण घ्या. पेजमेकर ह्या मांडणीच्या साधनाची शेवटची मोठी आवृत्ति २००१ सालची, आणि २००४ पासून त्याची वाढ थांबलेली. तरी आपल्याकडील अनेक छापखान्यांनीं तें कितीतरी वर्षें सोडलें नाहीं, आणि मराठी पुस्तकें त्यावर नीट निघालीं. काम होत होतें, म्हणून त्यांचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. पण त्यांचा सारा मजकूर जुन्या पद्धतीच्या टंकांत अडकला. त्या टंकांत प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी. टंक बदलला कीं अक्षरांचा काला. युनिकोडची सर्वमान्य लिपिव्यवस्था आल्यावर तें जुनें भांडार पुन्हां वाचनीय करावयाला केवढे कष्ट पडतात तें ज्यानें केलें त्यानेंच सांगावें. ह्यावरून धडा असा कीं, जुनें साधन खुशाल ठेवा, पण आपला ऐवज त्याच्या पोटांत कोंडूं नका. मीं माझ्या फोनमधील सारे क्रमांक एका वहींत शाईनें उतरून ठेविले आहेत, आणि छायाचित्रें दर महिन्याला बाहेर काढून ठेवतों. साधन उद्यां खरोखरच मेलें तरी माझें कांहीं बुडणार नाहीं. आणि म्हणूनच तें आज निर्धास्तपणें वापरण्याचा मला अधिकार आहे.

आतां मी मूळ मुद्द्याकडे, म्हणजे त्या बँकेच्या काउंटरकडे, परत येतों. खाजगी कंपनीनें आपला माल बदलला तर आपण फार तर चडफडतों. परंतु बँक, सरकारी कचेरी, रुग्णालय, शाळा ह्यांनीं आपलें दार नव्या फोनच्या आंत नेऊन बसविलें, तर ज्याच्याजवळ तो फोन नाहीं तो नागरिक अर्धाच नागरिक उरतो. महाराष्ट्रांत ह्याचा लख्ख पुरावा २०२१ च्या पावसाळ्यांत मिळाला. अंगणवाडी सेविकांना सरकारनें दोन वर्षांपूर्वी फोन दिले होते. मागाहून पोषणाच्या नोंदींसाठीं नवें अ‍ॅप आलें. तें ह्या फोनांच्या दोन जीबी स्मृतींत मावेना, आणि त्यांतील इंग्रजी अनेकींना उमगेना. तेव्हां हजारों सेविकांनीं ते फोन सरकारला परत केले. त्या बायकांनीं यंत्राचा द्वेष केला नव्हता. त्यांचें म्हणणें इतकेंच होतें कीं, बाळाचें वजन जसें पूर्वी होतें तसेंच आजहि आहे. त्याची नोंद करावयाला दोन वर्षांत दुप्पट बळाचा फोन कां लागावा? ह्या प्रश्नाचें उत्तर अ‍ॅप लिहिणाऱ्यांनीं द्यावयाचें होतें, फोन वापरणाऱ्यांनीं नव्हे.

'पण साध्या फोनवर ह्या गोष्टी करतांच येत नाहींत' असें कोणी म्हणेल तर तें खोटें आहे. रिझर्व्ह बँकेनें ८ मार्च २०२२ रोजीं साध्या फोनवाल्यांसाठीं 'यूपीआय १२३पे' नांवाची योजना सुरू केली. तींत कळांच्या फोनवरून, इंटरनेटशिवाय, आवाजाच्या सूचना ऐकून किंवा नुसता एक मिस्ड कॉल देऊन पैसे पाठवितां येतात. म्हणजे इच्छा असली तर मार्ग काढतां येतो, आणि देशाची मध्यवर्ती बँक तो काढूनहि देते. मग खात्यावरील एक किरकोळ बदल काउंटरवर कागदानें करून देणें एका शाखेला अशक्य कां व्हावें? अशक्य नाहीं; गैरसोयीचें आहे. ती गैरसोय संस्थेनें सोसावी कीं गिऱ्हाइकानें, एवढाच प्रश्न असून त्याचा निकाल गुपचूप आमच्याविरुद्ध लावला गेला आहे.

कायदा ह्या बाबतींत पार निजलेला नाहीं, पण जांभया देत आहे. केंद्र सरकारनें २०२२ च्या जुलैमध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यासंबंधींचें एक संकेतस्थळ उघडलें. विजेच्या उपकरणांच्या कचऱ्याविषयींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. परंतु त्यांचा भर टाकलेल्या वस्तूचें पुढें काय करावयाचें ह्यावर आहे. वस्तु टाकावीच लागूं नये ह्यासाठीं युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून असें बंधन घातलें आहे कीं, एकाद्या नमुन्याची विक्री थांबल्यावरहि पांच वर्षें प्रणालीची डागडुजी मिळत राहिली पाहिजे, आणि महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षें मिळाले पाहिजेत. चरखा संघाच्या वीस वर्षांपुढें हीं पांच-सात वर्षें तोकडीं आहेत. तरी दिशा तीच आहे, आणि ती आमच्या देशानें सर्वांआधीं दाखविली होती हें सांगतांना मला अभिमान वाटावा कीं लाज, हें ठरत नाहीं.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. विकणाऱ्यानें वस्तु किती वर्षें सांभाळणार तें विकतांनाच छापून द्यावें. सांभाळणें सोडतांना तिच्या किल्ल्या इतरांसाठीं खुल्या कराव्या. आणि सार्वजनिक संस्थांनीं, ज्या कामाला पूर्वी माणूस आणि कागद पुरत होता त्या कामासाठीं माणसाचें आणि कागदाचें एक दार कायम उघडें ठेवावें.

कोणी ह्याला म्हातारपणाचा हेका म्हणेल. हेका आणि निष्ठा ह्यांतील फरक मला कळतो. माझी ह्या फोनवर भक्ति नाहीं. मीं कसली शपथहि घेतलेली नाहीं. ज्या लहरींवर तो बोलतो त्या तार-कंपन्यांनीं उद्यां बंद केल्या, तर तो निव्वळ गजराचें घड्याळ होईल, आणि मी मुकाट्यानें दुसरा घेईन. माझी गरज बदलली तरीहि घेईन. परंतु तो दिवस माझ्या गरजेच्या पंचांगावरून ठरेल, कोणाच्या विक्रीच्या पंचांगावरून नव्हे.

त्या तरुण गृहस्थांवर माझा राग नाहीं. ते शिकवलेलें बोलत होते, आणि बोलतांना आर्जवानें बोलत होते. पुढील आठवड्यांत मी पुन्हां त्यांच्याकडे जाणार आहें. ह्या खेपेस हातांत एक लेखी अर्ज असेल, आणि हें काम काउंटरवर कां होऊं शकत नाहीं ह्याचें उत्तर मी त्यांच्या वरिष्ठांकडून लेखी मागणार आहें. ज्यांचे फोन असेच 'मेलेले' आहेत त्या सर्वांनीं आपापल्या शाखेंत हेंच करावें, अशी माझी विनंति आहे. जाण्याचा दिवस मीं फोनमध्यें टिपून ठेविला आहे. तो वेळेवर आठवण करून देईल ह्याविषयीं मला शंका नाहीं.